आंदणाचं कपाट आणि माझा गुरुत्वमध्य

गुरुत्वमध्याचा धडा मी बावीस वर्षं शिकवतो आहे आणि त्यात आजवर नापास झालेला मी एकटाच.

लेकीचं आंदणाचं कपाट उंद्रीहून साखरखेर्ड्याला, तिच्या सासरी पोचवायचं होतं. लोखंडी, सहा फुटी, दाराला अख्खा आरसा! लेकीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, आरशाले तडा गेला तं सासूबाई जन्मभर अपशकुन म्हणतीन."

ट्रॅक्टरवाला गजानन म्हणाला, "सर, आडवं टाका."

"आडवं?" माझी आत्या कडाडली. (वय पंचाहत्तर, उंची साडेचार फूट, आवाज चिखलीपर्यंत.) "आडवं माणसाले नेतेत रे, आंदणाले नाई!"

"उभंच जाईन," मी म्हणालो. "वजन तळाशी ठेवलं की गुरुत्वमध्य खाली येते. मंग कपाटाच्या बापालेही पडता येत नाई!"

आंदणाचं कपाट रिकामं पाठवत नाहीत. म्हणून मी चाळीस किलो गव्हाच्या थैल्या तळाच्या कप्प्यात रचल्या, वर हलक्या गोधड्या ठेवल्या, कपाट दोरानं ट्रॉलीला बांधलं आणि चहाला गेलो. (तेवढंच चुकलं!)

वाटेत मी कपाटाशेजारी ऐटीत उभा, आत्या मागे बसलेली. "हाण बे गजानन, विज्ञान हाय सोबत!" वळण आलं. कपाट डोललं. दोर कुरकुरला आणि तुटला! कपाट मागे असं कललं की आरशात मला आभाळ दिसलं. मी त्याला मिठी मारली. त्यानं मला झटकलं, ते थेट शेजारच्या ओलिताच्या शेतातल्या चिखलात!

मान वर करून पाहतो तर काय! आत्यानं बसल्या जागी कपाटाला पाठ लावलेली, दोन्ही पाय ट्रॉलीच्या फळीला रोवलेले, आणि ते धूड तिच्या पाठीवर तोललेलं! तोंडातली सुपारी चघळणंसुद्धा थांबलं नव्हतं. मी चिखलातूनच हात जोडले. असला समतोल मी कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता.

"आत्या, पडलं कसं नाई व हे?"

"पडन काऊन? तू येडपटानं अन्न पायाशी ठेवलं होतं! तुहा चहा होईस्तोर म्या गहू वरच्या कप्प्यात चढवले, गोधड्या खाली. म्हून देवानं राखलं!"

म्हणजे चाळीस किलो डोक्यावर घेतलेलं कपाट या बाईनं पाठीनं थोपवलं होतं! नवा दोर बांधला, तरी उरलेला रस्ता ती तशीच पाठ लावून बसली आणि मी तिच्या पायाशी गुमान बसलो.

साखरखेर्ड्यात कपाट ओसरीवर उभं राहिलं. लेकीनं पदरानं आरसा पुसला. तडा नाही, चरा नाही! तिचे डोळे भरून आले, माझेही.

"बाबा, या ना इकडे, पाहा तं खरं!"

गेलो. मागे व्याही, विहीणबाई आणि अर्धी गल्ली उभी. आरसा इतका लख्ख होता की टकलापासून टाचेपर्यंत चिखलानं माखलेला विज्ञानशिक्षक सगळ्यांना एकदम दिसला. खरं सांगू? माझ्या तोंडापुरता एखादा तडा चालला असता!