निळ्या अकीकाची पाटी

दगडांच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. आपण काउंटरला बसलो की ते आपणहून आत येतात आणि वर घासाघीसही करतात!

परदेशात भूशास्त्र शिकून मी परतले ती थेट वसंतकाकांच्या बुधवार पेठेतल्या दुकानात. काका अकीक विकतात. सुंदर पट्ट्यांचा हा दगड निसर्गात बहुतेक राखाडी, पांढरा, तपकिरी असतो. आमच्या शोकेसमध्ये मात्र गुलाबी, जांभळा, निळाशार!

पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं, "हा निळा कुठल्या खाणीतला?"

"दगड खाणीतला, निळा डब्यातला," मी म्हणाले.

काकांना ठसका लागला. "अगं, आपण दुकान चालवतोय की कोर्ट?"

मी हट्टाने पाट्या केल्या: 'रंग दिलेला आहे. बाकी सगळं खरं आहे.'

काका म्हणाले, "दिवाळीपर्यंत ठेव. गिऱ्हाईक तुटलं, तर पाट्या खाली!"

*

हिंजवडीचा एक आयटीवाला गुलाबी चकती घ्यायला आला. मी भिंग दिलं. "बघ, भेगांमध्ये रंग साचलाय. सच्छिद्र पट्टे रंग प्यायले, घट्ट पट्टे पांढरेच राहिले."

"म्हणजे फिल्टर लावलाय?"

"हो."

"माझ्या प्रोफाइललाही आहे. पॅक करा!"

*

एकदा मी काकूंचा नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन जांभळा दगड पुसला. कापूस जांभळा! निळा पुसला, तर कापूस स्वच्छ.

काका खूश. "निर्दोष सुटला!"

"नाही काका, पक्का रंग पुसला जात नाही. फक्त पुरावा मिळाला नाही."

आतून काकू ओरडल्या, "बाटली संपली, त्याचा पुरावा मिळालाय!"

*

एका आजोबांनी राखाडी अकीक उचलला. "हा अस्सल?"

"शंभर टक्के!"

"वाटलंच. खोट्याने एवढं कळकट कशाला राहावं!"

*

दिवाळी आठवड्यावर आली. एक कुटुंब पाटी वाचून काही न घेता निघून गेलं. काका मुकाट्याने स्टुलावर चढले आणि पाट्या काढायला लागले.

तेवढ्यात नेहमीच्या गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई आल्या. "अहो, राहू द्या की! खरं सांगणारं दुकान आहे, म्हणून तर आम्ही येतो."

मग त्यांनी काकांच्या काळ्याभोर केसांकडे नीट पाहिलं. "फक्त एक पाटी कमी पडलीय."

काकांचा हात आपसूक केसांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले, तर सगळ्या पाट्या जागच्या जागी. काका खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांच्या डोक्याच्या बरोब्बर वर, भिंतीवर, एक नवी कोरी पाटी होती: 'रंग दिलेला आहे. बाकी सगळं खरं आहे.'