हळदीला येऊ नकोस

मी नोकरीला आहे त्या फार्मसी कॉलेजात परदेशी विद्यार्थी यायला लागले आणि त्यांना रुळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की इंग्रजी बोलताना मला घाम फुटत नाही. रुळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणीच सांगितलं नाही.

हॉस्टेलचं बांधकाम रखडलेलं, म्हणून मलावीहून आलेली एक मुलगी नंदुरबारात आमच्याच माडीवर राहायला आली. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून वारा सुटला की ती शिंकून शिंकून बेजार व्हायची. रिक्षात चौथी सवारी म्हणून कसं बसायचं, बायका टक लावून बघायला लागल्या की हसून मोकळं कसं व्हायचं, हे सगळं मी तिला शिकवलं. मराठीही शिकवायला घेतली. मी 'काय करतेस?' घोटून घेत होते, तोवर गल्लीनं तिला अहिराणीतलं 'काय करी ऱ्हायनी?' शिकवून टाकलं. गल्लीपुढे माझं काय चालणार?

शेजारच्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. ही पोरगी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे पापड लाटायला जायची. हळदीत नाचायचं म्हणून तिनं पिवळी साडीसुद्धा मागून ठेवली होती.

लग्नाला आठवडा उरला असताना तिचे वडील गेले. सकाळी ती जिना उतरून आली आणि परीक्षेचा विषय सांगावा तसं तिनं मला ते सांगितलं. माती तिकडे आदल्या दिवशीच झाली होती. आता निघून ती मातीला थोडीच पोचणार होती? पण तिची आई फोनवर एकच धोसरा लावून बसली होती, की शिक्षण सोड आणि परत ये. तिकडे माणूस गेलं की नातेवाईक, शेजारी घरात येऊन राहतात, जमिनीवर झोपतात. तिथं तुझ्याजवळ कोण बसलंय, असं आई विचारत होती. मुलीनं बॅग भरायला घेतली.

कॉलेजनं तिला रजा दिली आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. मला तेवढ्यानं चैन पडेना. आमच्याकडे सासरी असलेल्या मुलीचा बाप गेला, तर बायका तिच्याही दारावर, म्हणजे दुखवट्याला, येतात. मग हिच्या का नाही? मी ओट्यावर सतरंजी अंथरली, तिला भिंतीशी बसवलं आणि गल्लीत निरोप दिला.

खरं सांगायचं तर दारावर येण्याची ही रीत मला कधीच आवडली नाही. येणारी प्रत्येक बाई पहिल्यापासून विचारते, कसं झालं, आजारी होते का, शेवटी काय बोलले. रडून दमलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावतात, याचा मला संतापच येतो. त्या दिवशीही तेच झालं. बायका डोक्यावरून पदर घेऊन आल्या, सतरंजीवर टेकल्या आणि एकीनं विचारलं, "कसं काय व्हयनं वं माय?"

मी इंग्रजी-अहिराणी करत होते. पहिल्यांदा ती दोन वाक्यांत आटपली. दुसऱ्या घोळक्याला तिनं वडिलांचा खोकला सांगितला. तिसरा घोळका आला तेव्हा माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "मन्हा बाप मास्तर व्हता." आणि रडायला लागली. बातमी आल्यापासून पहिल्यांदाच. बायकांनी तिला रडू दिलं. कुणी पाणी पुढे केलं नाही की कुणी गप्प केलं नाही. मी तिथून उठून आत गेले, कारण तिला आता माझी गरज नव्हती.

जाऊबाई मात्र आल्या नाहीत. लग्नघर, मी समजून घेतलं. संध्याकाळी त्या आपल्या ओट्यावर आल्या आणि मधल्या भिंतीवरून तिला म्हणाल्या, "पोरी, हयदले खाले नको येजो. तुले सुतक शे. तुन्हं ताट वर धाडसू."

माझं डोकंच फिरलं. बाप गेलेलं लेकरू, परमुलखातलं, आणि तिला हळदीतून वगळता? मी आवाज चढवला. "जाऊबाई, ती ना आपल्या कुळातली, ना जातीतली, ना धर्मातली. तिला कसलं सुतक?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले होते. "तिना बाप मरना ना?" त्या म्हणाल्या. "मंग?"

मी आणखी भांडणार होते, पण मुलीनं माझा हात धरला. ती मान हलवत जाऊबाईंना 'हाव, हाव' म्हणत होती. मला त्या दोघींचाही राग आला. त्या दिवशी मी रागावूनच भाकरी थापल्या.

हळदीच्या दिवशी खाली डफ वाजत होता आणि पोरी नाचत होत्या. जाऊबाईंनी झाकलेलं ताट दिलं ते घेऊन मी वर गेले. ती खिडकीशी बसून आईशी फोनवर बोलत होती, तिच्या भाषेत, बराच वेळ. बॅग कोपऱ्यात होती, अर्धी भरलेली.

फोन ठेवून तिनं ताट पुढ्यात ओढलं. आई काय म्हणाली, मी विचारलं.

"मी आईला सांगितलं, इथं मला हळदीला येऊ दिलं नाही," ती म्हणाली. "बाप गेलाय म्हणून. आईनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, तुझा बाप गेल्याचं तिथंही पाळतात, असं असेल तर राहा तिथं."