लोपीस सर आणि मागची बाजू

लोपीस सर गेल्याचं मला तुळिंजच्या नाक्यावरच्या बॅनरवरून कळलं. बॅनरवर आमचे माजी नगरसेवक भाऊ हात जोडून पुरुषभर उंच उभे होते. मला आधी वाटलं, भाऊच गेले. वाईट वाटून घ्यायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला, पण जमेना. मग खाली, भाऊंच्या कोपराशी, पासपोर्टएवढे सर दिसले... आणि भावपूर्ण श्रद्धांजली. तिथे मात्र प्रयत्न करावा लागला नाही. ज्या माणसाने सरांचा उपक्रम घालवला, त्याच्याच कोपराखाली सर लटकत होते.

तो उपक्रम म्हणजे नव्वदच्या दशकात विद्यापीठाला झालेला साक्षात्कार. विद्यार्थ्यांनी म्हणे प्रत्यक्ष राजकारण आणि लोकसेवा अनुभवावी. साक्षात्काराला लांबलचक नाव होतं, बोधचिन्ह होतं, उद्घाटनाला समई होती. करायचं काय, एवढंच कुणी ठरवलं नव्हतं. एकेका विद्यार्थ्याने एकेका लोकप्रतिनिधीच्या मागे सत्रभर फिरायचं आणि शिकायचं. बहुतेकजण सतरंज्या घालायला शिकले. आमच्यातला एक सरपंचांच्या डोक्यावर छत्री धरायचा, त्याला नेतृत्वगुणांत पैकीच्या पैकी मिळाले. हा सगळा प्रकार खरा करता येईल असं मानणारा माणूस विद्यापीठाच्या हद्दीत बहुधा एकच होता, आणि तो आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचा. अर्नाळ्याच्या वाटेवर सरांची केळीची वाडी होती. सकाळी वाडीला पाणी लावून ते कॉलेजात यायचे, त्यामुळे लोकशाहीवरची त्यांची व्याख्यानं चिखलाच्या चपलांतच व्हायची. जूचंद्रच्या ग्रामसभेला त्यांनी आम्हाला नेलं आणि पुढच्या खुर्च्यांवर बसू दिलं नाही. स्वतः भिंतीशी, सगळ्यांच्या मागे उभे राहिले. "समोरून सगळे कार्यक्रम सारखेच दिसतात रे. मागे जाऊन बघायचं," म्हणाले. चर्चमध्येसुद्धा ते शेवटच्या बाकाच्याही मागे उभे राहायचे, असं त्यांच्या घरचे सांगत.

माझ्या वाट्याला भाऊ आले. मी त्यांच्या प्रेमातच पडलो. भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, आणि मला वाटायचं, पुढच्या निवडणुकीत तिकीट आपलंच. हात पुसायला खांदा बरा पडतो, हे मागाहून लक्षात आलं. तर एका चाळीत भाऊंच्या हस्ते सार्वजनिक नळाचं उद्घाटन ठरलं. नळ चकचकीत होता, वर झेंडूची माळ होती, पाइपात पाणी मात्र नव्हतं. मग शेजारच्या गच्चीवर एक ड्रम चढवून त्यातून गुपचूप नळी जोडली आणि ड्रमपाशी विश्वासू माणूस म्हणून मला उभं केलं. खालून नारळाचा आवाज आला की कॉक सोडायचा, एवढीच लोकसेवा. नारळ फुटला, मी कॉक सोडला, खाली टाळ्या झाल्या. भाऊ ओंजळभर पाणी प्यायले, फोटो निघाला, भाषण सुरू झालं. पण बायका सकाळपासून हंडे घेऊन उभ्या होत्या. त्या भाषणाला थांबतायत होय! हंड्यामागून हंडा भरत गेला, आणि भाऊ "ही गंगा आता अखंड..." म्हणत असताना नळ फुर्र करून बंद पडला. वर मी लोकसेवेने पेटलेला. गच्चीच्या कठड्यावरून वाकून ओरडलो, "ताई, जरा थांबा हं, ड्रम संपला! दुसरा लावतो!"

माइकवर भाऊंचा श्वास तेवढा ऐकू आला.

संध्याकाळी मी सरांकडे गेलो तो फुशारकीनेच. ढोंग चव्हाट्यावर आणलं, असं तोवर मी स्वतःला पटवून दिलं होतं. सरांनी एकच विचारलं, "काय लोकसेवक, नळ बंद पडल्यावर बायका काय म्हणाल्या?" मला ठाऊक नव्हतं, मी भाऊंचा चेहरा बघत होतो. "मग जा, विचारून ये." दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. एक मावशी धुणं आपटता आपटता म्हणाली, "काय म्हननार? ड्रम चढवताना आमीच बघितला ना. आमाला काय डोळे नाय? भाऊला सांग, रोज उद्घाटन कर. फक्त ड्रम मोठा आन."

त्याच दुपारी भाऊ प्राचार्यांसमोर जाऊन बसले. विद्यार्थी भरकटलेला होता, असा माफीनामा सरांनी द्यावा, की उपक्रम वाचला. सर म्हणाले, "माफी मी त्या बायकांची मागेन. ड्रम लहान होता." प्राचार्यांना विनोद कळला नाही, भाऊंना कळला, म्हणून उपक्रम सरांच्या हातून गेला. तो एका मॅडमकडे आला आणि त्यांच्या पहिल्याच समारोपाला प्रमुख पाहुणे म्हणून भाऊ आले. सर निवृत्तीपर्यंत वर्गात राज्यघटनेची कलमं शिकवत राहिले. अधूनमधून मी वाडीवर जायचो. सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला मी एकटाच उभा राहिलो आणि तरी पडलो, लोकांनी पद रिकामं ठेवणं पसंत केलं, हे सांगितलं तेव्हा सर केळीच्या बुंध्याला टेकून पोट धरून हसले होते. ती आमची शेवटची भेट...

शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. स्टेजवर मागच्या पडद्याला लागून सरांचा हार घातलेला फोटो, आणि पुढे भाऊ. "पाण्याचं महत्त्व मला सरांनी शिकवलं," भाऊ गहिवरून म्हणाले, आणि मी उठलो. पाय आपोआप पडद्यामागे गेले. तिथे एक मुलगी पडद्याच्या फटीतून दोन्ही हात घालून फ्रेम धरून उभी होती.

"काय झालं गं?"

"स्टँडचा खिळा निघाला, काका. मॅडम म्हणाल्या, भाऊंचं होईपर्यंत धर."

"उपक्रमातली का तू?"

"हो ना. इंटर्नलचे मार्क आहेत याला."

तिला म्हणणार होतो, सोडून दे, पडू दे. पण पडले असते ते सर, भाऊ नव्हे. मी दुसरा कोपरा धरला. तिथून भाऊंची घामेजलेली पाठ तेवढी दिसत होती, आणि भाषण काही संपत नव्हतं. मुलीने हलकेच विचारलं,

"काका, हे होते कोण?"

"हे?" मी म्हटलं. "हे नेहमी इथेच उभे असायचे."