ठिपक्यांभोवतीची रेघ

सीवूड्सला शेजारच्या दाराशी आज तांदळाच्या पिठाचा वास आला आणि सानपाड्याच्या शाळेतला माझा जुना रांगोळीचा तास आठवला.

आठवीतल्या सेल्वीने ठिपके जोडलेच नव्हते. रेघ त्यांच्याभोवती फिरवली होती. "चुकलं," म्हणत मी ओल्या फडक्याने पुसलं. तिने पुन्हा ठिपके मांडले, पुन्हा तशीच वळणं काढली.

"टीचर, आमच्यात लाइन ठिपक्याला टच नाय करत."

वर्ग हसला. मी फडकं घेऊन वाकले, तर तिने रेघेवर हात आडवा धरला. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला. तिच्या तमिळ घरी दाराशी तांदळाच्या पिठाने अशीच रांगोळी, कोलम, काढतात हे मला नंतर कळलं.

आता दर वर्षी पहिल्या तासाला मी नुसते ठिपके काढते आणि विचारते, "तुमच्या घरी यांचं काय करतात?" पोर्शन मागे पडतो, मुख्याध्यापक कुरकुरतात. कुरकुरू देत. फडकं मी वर्गात नेत नाही.