गंधकी वासाच्या शोधात दिंडोरीला

‘गंधकी’ हे विशेषण मी भाषणांत वर्षानुवर्षं शिवीसारखं वापरलं. गंधकी जीभ, गंधकी राजकारण. म्हटलं की टाळ्या हमखास. गेल्या फेब्रुवारीत नाशिकच्या सभेनंतर दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार मुरलीभाऊ जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “सर, गंधकानं आमच्या बागा वाचत्यात. एकदा या. तुमच्या नाकाचंबी काम हाय.”

भाषणांसाठी पुष्कळ आमंत्रणं आली, नाकासाठी हे पहिलंच. पुढच्याच रविवारी निघालो.

देवळाली कॅम्पहून सकाळच्या बसने नाशिक आणि तिथून दिंडोरीवरून जाणारी कळवणची एसटी. डावीकडची खिडकी धरा. उजवीकडून ऊन थेट तोंडावर येतं. स्टँडबाहेर कांदेपोहे मिळतात, दहा रुपयांत पोट भरतं. पण माझ्यासारख्या कामाला निघाला असाल तर खाऊ नका. कांद्याचा वास येताच मुरलीभाऊंच्या पत्नी, शोभावहिनी, यांनी मला तीनदा चूळ भरायला लावली. चहासुद्धा वास घेऊन झाल्यावरच, असं बजावलं.

काम असं होतं. वेलींवर भुरी रोग दिसला म्हणून उशिरा गंधकाची धुरळणी करावी लागली होती आणि मंगळवारी व्यापारी येणार होता. एक घड जरी गंधकी निघाला तरी तो अख्खी बाग नाकारतो. रोज बागेत राबणाऱ्या घरच्यांना मात्र तो वास येतच नाही.

“गेल्या साली यांनी सोताच वास घेतला,” वहिनी नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. “म्हणले, गुलाबावानी हाय. व्यापारी पहिल्याच ओळीतून माघारी गेला.”

मी मांडवाखाली घड हुंगत फिरलो. वरच्या ओळींत नुसता द्राक्षांचा गोडवा. विहिरीकडच्या चार ओळींत मात्र नुकत्याच विझलेल्या काडीसारखा उग्र वास. मुरलीभाऊंचा चेहरा बघून माझी जीभ प्रथमच अडखळली. “थोडा येतोय,” म्हणालो.

“थोडा म्हंजे? सर, सभेतलं ऱ्हाऊ द्या. हाय का नाय?”

“आहे. या चार ओळी गंधकी आहेत.”

ते रागावले नाहीत. त्या ओळींच्या तारांना चिंध्या बांधल्या. वास उडेपर्यंत तो माल पंधरा दिवस थांबणार होता. मग चहा आला, त्यामागून बाजरीची भाकरी आणि शेवग्याची आमटी. इतक्या मोजून वापरलेल्या शब्दावर मी कधी जेवलो नव्हतो.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको दारातच म्हणाली, “अहो, तो शर्ट बाहेर काढून ठेवा. केवढा गंधकी वास मारतोय.” मी बाही नाकाशी धरली. काहीच येईना.

मंगळवारी मुरलीभाऊंचा फोन आला. व्यापाऱ्याने वरच्या ओळी घेतल्या होत्या.

हल्ली भाषण तयार झालं की आधी बायकोला ऐकवतो. चहा त्यानंतर.