काठोकाठ भरलेली बाटली

बोर्डवाली हे नाव प्रकाशककाकांनी तिला चिडवायला ठेवलं. वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे. शिडी धरता धरता ती अक्षरं शिकली, कुठल्या कलाशाळेची पायरी चढली नाही, आणि पुढे पुस्तकांची मुखपृष्ठं करायला लागली. तिने ते नाव उचललं आणि प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर छापून घेतलं: मुखपृष्ठ, बोर्डवाली. चिडवणाऱ्याची चांगलीच पंचाईत झाली.

तिच्या दोन खोडी होत्या. कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय पेन्सिल हातात घ्यायची नाही. आणि चित्र झालं की ते दारात टेकवायचं, रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून बघायचं. बोर्ड असाच तपासतात. पलीकडून दिसला नाही तर तो बोर्डच नाही.

या वेळची कादंबरी एका कंडक्टरबाईंची होती. उभी हयात बसमध्ये काढलेल्या बाईंनी बसमधल्या बायकांवरच लिहिलेली. शेवटच्या थांब्यावर बायकांसाठी संडास नाही, म्हणून कादंबरीतली कंडक्टर दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही. सकाळी घरून भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत आणते. हे वाचताना बोर्डवालीच्या डोक्यात तिडीक गेली. वडिलांबरोबर तीही वर्षानुवर्षं बोर्डांच्या शिड्या चढली होती, आणि बाजारात बोर्ड रंगवताना तिनेही हाच हिशोब करून पाणी प्यायलं होतं. तिने भडक पिवळ्या रंगावर एक बाटली काढली. झाकण बंद, पाणी काठोकाठ. बाकी काही नाही.

काकांनी चित्र हातात धरून लांब नेलं, मग जवळ आणलं.

"ही पाण्याची जाहिरात आहे का गं?"

"कादंबरी वाचलीत का?"

"छापतोय म्हणजे वाचली असणारच." त्यांनी टेबलावरून दुसरं चित्र सरकवलं. खिडकीशी बसलेली एक बाई, केस मोकळे, नजर कुठेतरी दूर. "हे बघ. बाईची कादंबरी म्हटल्यावर बाई नको? लोक चेहरा बघून पुस्तक उचलतात."

"केस मोकळे सोडून तिकिटं फाडणारी कंडक्टर मी तरी बघितली नाही, काका. तुम्ही कुठल्या बसने फिरता?"

कोपऱ्यात कंडक्टरबाई बसल्या होत्या. काकांनी आशेने त्यांच्याकडे बघितलं. बाईंनी बाटलीचं चित्र घेतलं, पाण्याच्या रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "पहिलं पुस्तक आहे माझं. ती खिडकीतली कोण आहे मला माहीत नाही. ही बाटली माझी आहे."

"बाई, ती बाटली विकली गेली नाही तर पुस्तक माझ्या गोदामात पडून राहील. मग कोण वाचणार तुमचं दुःख?"

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणून बोर्डवालीला जास्त झोंबलं. शेवटी ठरलं की दोन्ही मुखपृष्ठं लावून कोऱ्या पानांची एकेक नमुना प्रत बांधायची आणि त्या चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात ठेवायच्या. दुकानवाल्या मावशी सांगतील ते छापखान्यात जाईल.

दुकानात मावशींनी दोन्ही प्रती घेतल्या आणि फळीवरच्या रांगेत खोचल्या. उभ्या, एकाला एक चिकटून.

बोर्डवाली दारापर्यंत गेली, वळली आणि बघत राहिली. तिचं पुस्तक गायबच झालं होतं. रांगेतून दिसतो तो फक्त पुस्तकाचा कणा, बांधणीची अरुंद कड, आणि तिच्या प्रतीच्या कण्यावर करड्या रंगात मुंगीएवढी अक्षरं.

"मावशी, तोंड समोर करून ठेवा ना."

"तुझ्यासाठी भिंत पाडून जागा करू का? इथे सगळे असेच उभे असतात. नव्याचं तोंड चार दिवस समोर, मग चल रांगेत."

काका गालात हसले. "बोर्ड रस्त्याकडे तोंड करून टांगतात. पुस्तकाचं तसं नसतं, बोर्डवाली."

तिला काकांचा राग आला, मावशींचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढी वर्षं रस्त्यापलीकडून समोरचं पान बघितलं, कडेने कधी बघितलंच नाही. पण हार मानायला ती आली नव्हती. तिने मावशींकडून पट्टी मागितली, कादंबरीच्या जाडजूड कण्याची रुंदी मोजली आणि म्हणाली, "संध्याकाळी येते. काका, तुमच्या बाईलाही कण्यावर बसवून आणा."

संध्याकाळी ती आली तेव्हा बाटली कण्यावर उभी होती. उंच, अरुंद, पिवळ्यावर निळी. जणू बाटल्यांसाठीच कणे बनवतात. बाटलीच्या वर कादंबरीचं नाव ठसठशीत, बोर्डाच्या अक्षरात. काकांनीही आपलं चित्र वळवून कण्यावर आणलं होतं. एवढ्याशा जागेत त्या बाईचा एक कान आणि थोडे केस मावले होते.

मावशींनी दोन्ही रांगेत खोचली आणि गल्ल्यामागे जाऊन बसल्या. तिथून चष्मा न लावता बघितलं.

"ही बाटली इथून दिसते. शेजारी ते काय आहे, कान?"

काकांनी आपली प्रत रांगेतून काढून घेतली. म्हणाले, "बाटली छापू. पण मलपृष्ठावर बाईचा चेहरा हवाच. एवढं तरी माझं ऐक."

"ऐकलं," बोर्डवाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरावाल्याला घेऊन डेपोत गेली. कंडक्टरबाई गणवेशात, खांद्याला तिकिटांची पेटी, केस घट्ट बांधलेले, नजर सरळ समोर.

"जरा हसा, बाई," कॅमेरावाला म्हणाला. "पुस्तकावर येणार आहे."

"मी ड्यूटीवर आहे," बाई म्हणाल्या. "काढ असाच."

बोर्डवालीने तो फोटो तसाच छापला, मलपृष्ठभर, कुठेही न कापता.