बाप्पाच्या हौदातल्या अळ्या

डासांच्या अळ्या शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. लांब दांड्याचा डाव घेऊन मी जबलपूरभर लोकांच्या टाक्यांत नि कूलरांत डोकावतो. आमचे जावई चारचौघांत सांगतात, सासरे आरोग्य खात्यात आहेत. बायको सांगते, पाणी ढवळतात.

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली आणि आमच्याच चेरीतालच्या गल्लीत मलेरिया निघाला. आधी एका घरी, मग समोर, मग शेजारी. माझी लेक सातव्या महिन्यात, बाळंतपणाला माहेरी आलेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हिला मलेरिया होता कामा नये. आई नि बाळ, दोघांनाही धोका आहे."

लेकीला मच्छरदाणीत बसवून मी गल्ली पालथी घातली. समोरच्या वहिनीजींचा कूलर तीनदा उपडा केला. "भाईसाहब, अब क्या कूलर को भी सुई लगाओगे?" त्या म्हणाल्या. अळी काही सापडेना.

शेवटी मच्छरदाणीतूनच लेक म्हणाली, "बाबा, सगळ्यांच्या घरात शिरून राहिले तुम्ही. मंडळाच्या मागं काहून नाही पाहिलं?"

"तिथं कुठले डास? तिथं बाप्पाचं पाणी आहे."

"अच्छा! आणि हे डासांना सांगितलं का तुम्ही?"

आमच्या मराठी मंडळात घरोघरचे शाडूचे गणपती मागच्या अंगणातल्या हौदात विसर्जित होतात. ते पाणी गटारात सोडायचं नाही, टेम्पोनं नर्मदेवर न्यायचं, असा रिवाज. टेम्पो ठरवायचं काम सचिवाचं. सचिव मी. उद्या सांगू, परवा सांगू करता करता सव्वा महिना उलटला होता.

गेलो. माती तळाशी बसलेली, वर पाणी आरशासारखं नितळ. मलेरियाच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, हे मी शाळाशाळांतून घसा फोडून सांगत असतो! डाव बुडवला. पाण्याच्या पृष्ठभागालगत अळ्या सपाट आडव्या, रविवारी मी पडतो तशा. मलेरियाच्याच; बाकीच्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात.

शरमेनं कान लाल झाले. तरी खरं सांगतो, मी आनंदानं ओरडलोच, "सापडल्या!"

मंडळाच्या अध्यक्षबाई ऐंशीच्या. त्या रिवाज मोडू देतील का, याची मला धास्ती. त्यांनी हौदात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे. "झाडांच्या मुळाशी घाला. तेही विसर्जनच. चलो, बादल्या आणा."

अर्धी गल्ली लोटली. बादल्या हातोहात चालल्या आणि कुणीतरी सवयीनं आरोळी ठोकली, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"बाप्पाला म्हणा रे," अध्यक्षबाई गरजल्या, "या अळ्यांना नका बोलावू!"

तासाभरात हौद कोरडा, घासून लख्ख.

आजारी होते ते बरे झाले, नवा ताप कुणाला आला नाही. लेकीला एकदाही थंडी वाजली नाही. दिवस भरून नात झाली, गोबरी, आणि आवाज असा की अख्ख्या वॉर्डाला कळावं. नर्स म्हणाली, "बच्ची बड़ी तगड़ी है."

"होगी ही!" मी छाती फुगवून म्हणालो, जसे काही नऊ महिने मीच काढले होते.